१५ ऑगस्टचा ध्वज खालून वर का चढतो?

प्रिय विद्यार्थी मित्रांनो, पालक बंधू-भगिनींनो आणि संस्थेचे आदरणीय विश्वस्त,



मागच्या १५ ऑगस्टला कार्यक्रम आटोपला, लाडूंची पाकिटे वाटून झाली आणि मुले घरी निघाली. तेवढ्यात सहावीतील एक मुलगी आमच्यापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "सर, ध्वजारोहण म्हणजे ध्वज वर चढवणे ना? मग आपला ध्वज तर सकाळपासूनच वर बांधलेला होता. आपण तो चढवला कुठे? नुसती दोरी ओढून उघडला."

खरे सांगतो, आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही. "अगं, तशीच पद्धत आहे," असे काहीतरी बोलून आम्ही वेळ मारून नेली. पण मनाला ते लागले. इतकी वर्षे शाळेत काढली, दरवर्षी निमंत्रण पत्रिकेवर "ध्वजारोहण" असे छापले आणि त्या शब्दाचा अर्थ एका लहान मुलीने आम्हाला विचारावा! घरी जाऊन पुस्तके काढली. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले. हिंदीतही "ध्वजारोहण" आणि "झंडा फहराना" हे दोन शब्द आम्ही आयुष्यभर एकाच अर्थाने वापरले होते. त्या मुलीचे म्हणणे बरोबर होते आणि चूक आमची होती.

म्हणून यंदाचा हा पाठ. पुस्तकात जे एका परिच्छेदात उरकले जाते, ते आपण जरा सावकाश पाहू या.

आधी त्या प्रश्नाचे उत्तर

आपले राष्ट्रीय दिवस दोन. १५ ऑगस्ट हा स्वातंत्र्य दिन आणि २६ जानेवारी हा प्रजासत्ताक दिन. दोन्ही दिवशी ध्वज फडकतो, पण परंपरा वेगवेगळी आहे.

१५ ऑगस्टला ध्वज खांबाच्या खालच्या बाजूला बांधलेला असतो. दोरी ओढून तो वर चढवतात आणि तो वर फडकू लागतो. हे खरे ध्वजारोहण. परक्यांची सत्ता गेली, एक नवे राष्ट्र उभे राहिले, त्याचा ध्वज जमिनीवरून आकाशाकडे गेला, असा त्यामागचा भाव आहे. दिल्लीला लाल किल्ल्यावर हे काम पंतप्रधान करतात.

२६ जानेवारीला ध्वज आधीच वरच्या टोकाला घडी करून बांधलेला असतो. दोरी ओढली की गाठ सुटते, फुलांच्या पाकळ्या पडतात आणि ध्वज उलगडतो. देश तर आधीच स्वतंत्र होता, त्या दिवशी त्याने आपले संविधान लागू केले, म्हणून ध्वज वर चढवायचा नाही, फक्त उलगडायचा. हे काम राष्ट्रपती करतात. १५ ऑगस्ट १९४७ ला राष्ट्रपती हे पदच नव्हते. ते २६ जानेवारी १९५० ला अस्तित्वात आले.

आपण मात्र दोन्ही दिवशी २६ जानेवारीचीच पद्धत वापरत आलो. पाकळ्या पडल्या की मुले टाळ्या वाजवतात, म्हणून ती सवय पडली असावी.

१५ ही तारीख कोठून आली?

ब्रिटिश पंतप्रधान ॲटली यांनी २० फेब्रुवारी १९४७ रोजी जाहीर केले होते की जून १९४८ च्या आत भारताची सत्ता भारतीयांच्या हाती दिली जाईल. मग लॉर्ड माउंटबॅटन व्हाइसरॉय होऊन आले. ३ जून १९४७ ला फाळणीची योजना जाहीर झाली आणि सत्तांतराची तारीख एकदम दहा महिने अलीकडे आली. १५ ऑगस्ट ही तारीख माउंटबॅटन यांनी निवडली. दोन वर्षांपूर्वी, १९४५ साली, याच तारखेला जपानने शरणागती जाहीर केली होती आणि त्या युद्धात माउंटबॅटन आग्नेय आशियातील दोस्त फौजांचे सरसेनापती होते. त्यांच्या दृष्टीने तो विजयाचा दिवस होता. १८ जुलै १९४७ ला भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्यावर राजाची मोहोर उमटली.

म्हणजे ही तारीख आपण निवडलेली नव्हती. आपण निवडलेली तारीख होती २६ जानेवारी. डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरच्या काँग्रेस अधिवेशनात पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री रावी नदीच्या काठी तिरंगा फडकला आणि २६ जानेवारी १९३० ला देशभर गावोगावी स्वातंत्र्याची प्रतिज्ञा घेतली गेली. तेव्हापासून १९४७ पर्यंत लोक २६ जानेवारी हाच स्वातंत्र्य दिन पाळत होते. पुढे संविधान २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारले गेले, पण ते पूर्णपणे लागू करण्यासाठी मुद्दाम २६ जानेवारी १९५० पर्यंत थांबले, ते या जुन्या तारखेचा मान राहावा म्हणून. त्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म आपल्या इंदूरजवळच्या महूला, १४ एप्रिल १८९१ रोजी झाला, हे आपल्या मुलांनी तरी विसरता कामा नये.

ती मध्यरात्र

१४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री अकरा वाजता दिल्लीत संविधान सभेची बैठक सुरू झाली. आरंभी सुचेता कृपलानी यांनी "वंदे मातरम्" गायले. पंडित नेहरूंचे नियतीशी केलेल्या कराराविषयीचे प्रसिद्ध भाषण याच बैठकीतले. बाराचे ठोके पडले आणि सदस्यांनी उभे राहून शपथ घेतली. त्यानंतर भारतातील स्त्रियांच्या वतीने हंसा मेहता यांनी सभेला राष्ट्रध्वज अर्पण केला. बडोद्याचे दिवाण सर मनुभाई मेहता यांच्या त्या कन्या. पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या त्या पहिल्या कुलगुरू झाल्या. बडोद्यात आपले नातेवाईक पुष्कळ आहेत, त्यांना हे जरूर सांगा.

त्या रात्री महात्मा गांधी दिल्लीत नव्हते. ते कलकत्त्यात बेलियाघाट भागातील हैदरी मंझिल नावाच्या एका जुन्या घरात होते. शहरात हिंदू-मुसलमान दंगे होऊ नयेत म्हणून ते तेथे जाऊन राहिले होते. १५ ऑगस्टचा दिवस त्यांनी उपवास, प्रार्थना आणि सूतकताई यांत घालवला. ज्यांच्या नावाने आपण जयघोष करतो, त्यांनी त्या दिवशी जल्लोष केला नाही.

का केला नाही, हेही मुलांना कळले पाहिजे. दोन देशांमधली सीमारेषा कोठून जाणार हे १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी जाहीर झाले. पंजाब आणि बंगालमधली माणसे स्वातंत्र्याच्या दिवशी आपण कोणत्या देशात आहोत हे न कळता बसली होती. एक कोटीहून अधिक लोकांना घरदार सोडावे लागले, लाखो मारले गेले. आपल्याच इंदुरात सिंधमधून आलेली किती कुटुंबे आहेत! आपल्या वर्गात त्यांची नातवंडे, पणतवंडे शिकतात. त्यांच्या घरी ऑगस्ट १९४७ ची आठवण लाडवांची नाही.

आणि आपल्या इंदुरात?

भाषणात मुले म्हणतात, "या दिवशी दीडशे वर्षांची इंग्रजांची गुलामी संपली." इंदूरच्या बाबतीत हे वाक्य जरा जपून म्हटले पाहिजे. इंदूर हे होळकरांचे संस्थान. शहरावर राज्य महाराजांचे, पण रेसिडेन्सीत इंग्रज अधिकारी बसलेला आणि महूला त्यांची छावणी. १ जुलै १८५७ रोजी सआदत खान यांच्या नेतृत्वाखाली याच रेसिडेन्सीवर हल्ला झाला होता. तिकडे ग्वाल्हेरला जून १८५८ मध्ये झाशीच्या राणी लक्ष्मीबाई धारातीर्थी पडल्या आणि शिवपुरीला १८ एप्रिल १८५९ रोजी तात्या टोपे यांना फाशी झाली. ही नावे आपल्याला पाठ असतात, पण या जागा एका दिवसाच्या प्रवासावर आहेत हे लक्षात राहत नाही.

१९४७ मध्ये संस्थानांपुढे प्रश्न होता की पुढे काय. सरदार पटेल आणि त्यांचे सचिव व्ही. पी. मेनन यांनी एकेका संस्थानिकाशी बोलून सामीलनाम्यावर सह्या घेतल्या. सामीलनाम्याने संस्थानाने फक्त तीन विषय केंद्राला दिले होते : संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी अगदी अखेरच्या दिवसांपर्यंत निर्णय लांबवला आणि मग सही केली.

म्हणजे १५ ऑगस्टला इंग्रज गेले, पण राज्यकारभार अजून महाराजांचाच होता. प्रजामंडळाच्या कार्यकर्त्यांची मागणी होती की प्रजेने निवडलेले सरकार हवे. २८ मे १९४८ ला ग्वाल्हेर, इंदूर आणि माळव्यातील इतर लहान-मोठी संस्थाने मिळून "मध्य भारत" राज्य झाले. पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. महाराज जिवाजीराव शिंदे राजप्रमुख आणि महाराज यशवंतराव होळकर उपराजप्रमुख झाले. हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेश बनला आणि आपण राजधानीचा मान भोपाळला दिला.

इतरत्र राहणाऱ्या मराठी माणसांना तर आणखी वाट पाहावी लागली. हैदराबाद आणि मराठवाडा मुक्त झाला १७ सप्टेंबर १९४८ ला. दादरा-नगर हवेली १९५४ मध्ये सुटली. त्या लढ्यात महाराष्ट्रातले पुष्कळ तरुण होते, गायक-संगीतकार सुधीर फडके त्यांतलेच. गोव्याला १९ डिसेंबर १९६१ पर्यंत थांबावे लागले. तेव्हा "एका रात्रीत स्वातंत्र्य मिळाले" असे लिहिणाऱ्या मुलाला आम्ही आता विचारणार आहोत, कोणाला आणि कोठे?

ध्वजाची गोष्ट

परदेशात भारताचा ध्वज पहिल्यांदा फडकवण्याचा मान मादाम भिकाजी कामा यांचा. २२ ऑगस्ट १९०७, जर्मनीतील स्टुटगार्ट. १९२१ मध्ये पिंगली वेंकय्या यांनी गांधीजींना ध्वजाचा नमुना दिला. १९२३ मध्ये जबलपूरला आणि मग नागपूरला झेंडा सत्याग्रह झाला. ध्वज हाती घेऊन रस्त्याने चालणे एवढाच गुन्हा आणि त्यासाठी लोक तुरुंगात गेले. १९३१ मध्ये चरख्याचा तिरंगा काँग्रेसने स्वीकारला. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने चरख्याच्या जागी चोवीस आऱ्यांचे अशोकचक्र घालून आजचा राष्ट्रध्वज मंजूर केला. लांबी आणि उंचीचे प्रमाण ३ : २.

पण मुलांनो, या सगळ्यात तुमच्या वयाच्या मुलाची एक गोष्ट आहे, ती नीट वाचा.

महाराष्ट्रातील नंदुरबार आपल्या राज्याच्या सीमेपासून लांब नाही. १९४२ च्या "चले जाव" आंदोलनाला एक महिना झाला होता. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तेथे विद्यार्थ्यांची मिरवणूक निघाली. शिरीषकुमार मेहता हा मुलगा तेव्हा सोळा वर्षांचाही पुरा नव्हता. त्याच्या हाती तिरंगा होता. पोलिसांनी मिरवणूक अडवली, गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार हातातल्या ध्वजासह पडला. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही गेले. घरी गुजराती बोलणारी आणि मराठी बोलणारी मुले एका ध्वजाखाली पडली. नंदुरबारला त्यांचे स्मारक आहे.

आता त्याच्याशेजारी दुसरे चित्र ठेवा. १६ ऑगस्टच्या सकाळी आपल्या शाळेच्या फाटकाबाहेर झाडू मारताना आमच्या सेविका मावशी चिखलातून छोटे छोटे तिरंगे वेचत होत्या. त्यांनी ते ओंजळीत धरून कार्यालयात आणून दिले. म्हणाल्या, "सर, हे केरात कसे टाकू?" त्या शाळेत शिकलेल्या नाहीत. ज्या मुलांनी ते टाकले, ती रोज राष्ट्रगीत म्हणतात.

नियम काय सांगतो? भारतीय ध्वज संहिता २००२ पासून लागू आहे. ध्वज जमिनीला लागू द्यायचा नाही, फाटका-मळका फडकवायचा नाही, त्यावर काही लिहायचे नाही, केशरी पट्टा वरच असला पाहिजे. ध्वज झपाट्याने चढवायचा आणि सावकाश, आदराने उतरवायचा. खराब झालेला ध्वज केरात न टाकता एकांतात, मान राखून, शक्यतो जाळून नष्ट करायचा. कागदी ध्वज हातात घ्यायला हरकत नाही, पण कार्यक्रमानंतर तो खाली टाकायचा नाही. ध्वज पूर्वी फक्त हाताने कातलेल्या आणि विणलेल्या कापडाचा असे. डिसेंबर २०२१ पासून यंत्रावर केलेला आणि पॉलिस्टरचाही चालतो. जुलै २०२२ पासून नागरिकांना घरावर तो रात्रंदिवस ठेवण्याची मोकळीक आहे. ध्वज घेणे सोपे झाले आहे, म्हणून सांभाळण्याची जबाबदारी अधिक आहे.

भाषणातल्या नेहमीच्या चुका

दरवर्षी आम्ही मुलांची भाषणे ऐकतो. त्यांतल्या तीन चुका येथे दुरुस्त करू.

१. "१५ ऑगस्ट १९४७ ला नेहरूंनी लाल किल्ल्यावर ध्वज फडकवला." नाही. लाल किल्ल्यावरचे पहिले ध्वजारोहण १६ ऑगस्टला झाले. १५ तारखेचा सार्वजनिक समारंभ इंडिया गेटजवळच्या प्रिन्सेस पार्कला होता.

२. "त्या दिवशी आपण प्रजासत्ताक झालो." नाही. २६ जानेवारी १९५० पर्यंत कागदोपत्री प्रमुख इंग्लंडचे राजे होते आणि त्यांच्या वतीने आधी माउंटबॅटन आणि मग चक्रवर्ती राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल होते.

३. कितवा स्वातंत्र्य दिन? १५ ऑगस्ट १९४७ हाच पहिला धरायचा. म्हणून २०२२ साली स्वातंत्र्याची ७५ वर्षे पूर्ण झाली, पण स्वातंत्र्य दिन ७६ वा होता. या वर्षीचा आकडा आता तुम्हीच काढा.

पालक आणि विश्वस्तांना विनंती

१५ ऑगस्टची उपस्थिती वर्षागणिक कमी होत आहे. पालक म्हणतात, "अभ्यास तर नसतो, अर्ध्या तासासाठी पावसात कशाला पाठवायचे?" सुट्टी शनिवार-रविवारला लागून आली तर मांडू आणि पातालपाणीला गाड्यांच्या रांगा लागतात. फिरायला जाण्याला आमचा विरोध नाही. श्रावणातला माळवा बघण्यासारखाच असतो. पण ध्वजारोहण सकाळी साडेसातला असते, आठ-सव्वाआठला मुले मोकळी होतात. राष्ट्रगीताला लागतात ५२ सेकंद. पोहे-जिलबी खाऊनही मांडूला दुपारच्या आत पोहोचता येते.

आणि एक गोष्ट आम्हाला स्वतःला टोचते. सकाळी ध्वज चढतो तेव्हा पाहुणे असतात, बँड असतो, फोटो निघतात. सूर्यास्ताला तो उतरतो तेव्हा आमचे शिपाई काका एकटे असतात. इतकी वर्षे ते छत्री बाजूला ठेवून, दोन्ही हातांनी ध्वज उतरवून, घडी करून कपाटात ठेवतात आणि मग घरी जातात. आम्ही त्या वेळी घरी असतो. हे आम्ही लिहितो आहोत, कारण इतरांना शिकवण्याआधी आपली चूक मान्य केली पाहिजे.

म्हणून यंदा तीन बदल ठरवले आहेत.

पहिला, १५ ऑगस्टला ध्वज खालून वर चढेल. पाकळ्या २६ जानेवारीसाठी राखून ठेवू.

दुसरा, संध्याकाळी ध्वज उतरवताना आम्ही स्वतः हजर राहू. नववी-दहावीच्या मुलांपैकी ज्यांना यायचे असेल त्यांनी यावे. सक्ती नाही. ध्वजाची घडी कशी करायची हे शिपाई काका शिकवतील, कारण ते आमच्यापेक्षा त्यांना चांगले येते.

तिसरा, फाटकापाशी एक पेटी ठेवू. कागदी ध्वज त्यात जमा करायचे. विश्वस्त मंडळाने प्लास्टिकचे ध्वज शाळेत आणू न देण्याच्या आमच्या सूचनेला संमती द्यावी, ही विनंती.

घरी करावयाचा स्वाध्याय

१. तुमच्या घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीला विचारा : १९४७ साली आपले कुटुंब कोठे होते? तेव्हा तेथे राज्य कोणाचे होते? उत्तर पाच ओळींत लिहा. आजी-आजोबा नसतील तर शेजारच्या आजींना विचारा. त्यांची भाषा मराठी नसली तरी चालेल.

२. ध्वजारोहण आणि ध्वज उलगडणे यांतील फरक आपल्या शब्दांत सांगा.

३. इंदूर, हैदराबाद, गोवा आणि दादरा-नगर हवेली यांना स्वातंत्र्य कसे आणि कधी मिळाले, याचा तक्ता करा.

४. शिरीषकुमार मेहता आज आपल्या शाळेत असता, तर तो कोणत्या इयत्तेत असता? हिशेब करा. (जन्म : २८ डिसेंबर १९२६.)

उत्तरे आपल्या वर्गशिक्षकांकडे द्यावीत. पहिल्या प्रश्नाची निवडक उत्तरे पुढील अंकात छापू.

ज्या मुलीने प्रश्न विचारला तिचे नाव येथे देत नाही, तिला अवघडल्यासारखे होईल. पण या वर्षी दोरी ओढण्याच्या वेळी तिने आमच्या शेजारी उभे राहावे, असे आम्ही तिला सांगितले आहे. ध्वज नीट खालून वर चढतो की नाही, ते तिने पाहायचे आहे.

सर्वांना स्वातंत्र्य दिनाच्या हार्दिक शुभेच्छा. जय हिंद!

आपला,
मुख्याध्यापक